आवक रजिस्टरात नोंद नाही

संगणकातलं मेल शोधायचं सर्च बिघडलंय हे लवकर लक्षात येत नाही, कारण तसं ते कधी कबूल करत नाही. ‘काहीही सापडलं नाही’ एवढंच ते अत्यंत सभ्यपणे सांगतं. मग आपला पहिला संशय स्वतःच्या बोटांवर जातो, दुसरा मेल पाठवणाऱ्यावर आणि तिसरा शेजारच्या टेबलावरच्या माणसावर. सर्चवर कोणी संशय घेतच नाही. घेतलाच, तर ‘रिस्टार्ट मार’ म्हणणारे चार जण मागे उभेच असतात. सोळा संस्कारांत हा सतरावा आपण कधी घातला, कोण जाणे.

मी बोलतोय ते विंडोजवरच्या जुन्या आउटलुकबद्दल, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या मेल-प्रोग्रामबद्दल, ज्याला हल्ली ‘क्लासिक’ म्हणतात. शोधायचा शब्द टाकला की आउटलुक धावत जाऊन सगळे मेल चाळतं, असा आपला समज असतो. २००७ च्या आवृत्तीआधी साधारण तसंच चालायचं आणि तेवढ्यात चहा पिऊन होत असे. २००७ पासून हे काम विंडोज सर्च नावाच्या सर्व्हिसकडे, म्हणजे पडद्यामागे सतत चालणाऱ्या प्रोग्रामकडे गेलं. आलेल्या प्रत्येक मेलमधले शब्द ती मागच्या बाजूला बसून आपल्या वहीत उतरवून ठेवते. या वहीचं नाव इंडेक्स. ती सरकारी कचेरीतल्या आवक रजिस्टरसारखी असते: नोंद नसेल, तर कागद तुमच्या हातात असला तरी तो आलेलाच नाही.

त्यामुळे मेल सापडत नाही म्हटल्यावर प्रश्न दोनच. कागद कचेरीत आहे का? आणि असला, तर त्याची नोंद का झाली नाही? बहुतेक लोक दोन्ही सोडून थेट रजिस्टर जाळायला निघतात. त्याकडे येऊच.

आधी मेल हाताने शोधा. सर्चची चौकट रिकामी करा, फोल्डर पाठवणाऱ्याच्या नावाने लावा आणि खाली सरकत जा. इथेच निम्मी प्रकरणं निकालात निघतात, असं माझं मत. एक तर मेल इनबॉक्समध्ये नसतो, आर्काइव्ह फोल्डरमध्ये असतो. तिथे तो कोणी हलवला? आपणच. आउटलुकच्या हल्लीच्या आवृत्त्यांत मेल निवडलेला असताना बॅकस्पेस दाबली की तो गुपचूप आर्काइव्हमध्ये जातो. टाइप करताना भलत्या खिडकीत बॅकस्पेस दाबली जाणं ही कीबोर्ड बाळगणाऱ्या प्रत्येकाची नित्यपूजा आहे. सर्चच्या चौकटीशेजारची यादी ‘करंट फोल्डर’वर असेल तर हा मेल तुम्हाला जन्मात दिसणार नाही. ती ‘ऑल मेलबॉक्सेस’वर आणा. आणि हवा असलेला मेल कचऱ्याच्या डब्यात असण्याची शक्यता असेल, तर फाइल, ऑप्शन्स, सर्च या वाटेने जाऊन डिलीटेड आयटम्समध्येही शोधायची खूण करा. तिथेच ‘वेग वाढवण्यासाठी निकाल मर्यादित ठेवा’ अशा अर्थाची एक खूण असते. ती काढा. वेगाच्या नावाखाली निकालांना कात्री लागते आणि तुमचा मेल नेमका कात्रीपलीकडचा असतो.

हाताने चाळूनही मेल दिसला नाही, तर ब्राउझरमध्ये तेच खाते उघडून बघा. तिथे आहे आणि इथे नाही, असं असेल तर मेल तुमच्या संगणकावर उतरलेलाच नाही. कंपनीच्या एक्स्चेंज (मायक्रोसॉफ्टचा मेल सर्व्हर) किंवा मायक्रोसॉफ्ट ३६५ खात्यात किती जुने मेल उतरवायचे याची एक सरकपट्टी असते: फाइल, अकाउंट सेटिंग्ज, खात्यावर डबल क्लिक. मोठी डिस्क असलेल्या संगणकावर ती सहसा एका वर्षावर असते. म्हणजे दोन वर्षांपूर्वीचं कोटेशन मागणारे साहेब आणि एका वर्षापलीकडे बघायचं नाही अशी शपथ घेतलेलं आउटलुक, यांच्या मधोमध तुम्ही. पट्टी शेवटपर्यंत ‘ऑल’वर न्या, आउटलुक बंद करून उघडा आणि खाली उजव्या कोपऱ्यात सगळे फोल्डर अद्ययावत झाल्याचं वाक्य येईपर्यंत हात लावू नका. जीमेल आयमॅपने, म्हणजे सर्व्हरवरचे मेल दुसऱ्या प्रोग्राममध्ये दाखवणाऱ्या पद्धतीने, जोडलं असेल, तर जीमेलच्या सेटिंग्जमध्ये लेबल्सपुढची (जीमेलचे फोल्डरच म्हणा) ‘शो इन आयमॅप’ ही खूण बघा. ती नसली, तर ते लेबल आउटलुकच्या दृष्टीने अस्तित्वातच नाही.

आता समजा, मेल डोळ्यांसमोर आहे आणि तरी सर्च नाही म्हणतंय. इथून खरी करमणूक. सर्चच्या चौकटीत क्लिक करा, वर सर्चचा टॅब उघडेल. त्यात सर्च टूल्स, मग इंडेक्सिंग स्टेटस. अमुक इतके आयटम्स शिल्लक आहेत, असा आकडा येतो. तो शून्य असेल तर आउटलुकच्या मते नोंदी पूर्ण झाल्या. मोठा असेल तर लिहून ठेवा आणि अर्ध्या तासाने परत बघा. उतरत असेल तर यंत्रणा ठणठणीत आहे, तुम्ही घाई करताय. इंडेक्सर, म्हणजे वहीत नोंदी करणारा तो कारकून, स्वभावाने भिडस्त असतो. तुम्ही माउस हलवलात की तो मान खाली घालून वेग कमी करतो, लॅपटॉप बॅटरीवर असेल तर आणखी संकोचतो. ‘झालं का, झालं का’ करत दर मिनिटाला ती खिडकी उघडणारा माणूस स्वतःच ते काम लांबवत असतो. चार्जर लावा, झोपेची वेळ ‘नेव्हर’ करा, स्क्रीन लॉक करून घरी जा. मात्र आउटलुक उघडं ठेवा. ते बंद असताना त्याच्या मेलची नोंद होत नाही. पुष्कळ जण संध्याकाळी शिस्तीत आउटलुक बंद करून, रात्रभर संगणक चालू ठेवून, सकाळी त्याच आकड्याकडे बघत बसतात.

आकडा हलतच नसेल, तर स्टार्टमध्ये ‘सर्व्हिसेस’ उघडून यादीत विंडोज सर्च शोधा. ‘रनिंग’ लिहिलेलं हवं आणि स्टार्टअप टाइप ‘ऑटोमॅटिक, डिलेड स्टार्ट’. ‘डिसेबल्ड’ असेल तर गुन्हेगार घरचाच समजा. पीसी सुसाट करण्याच्या व्हिडिओंत ही सर्व्हिस बंद करायला आवर्जून सांगतात आणि घरातले भाचे ते व्हिडिओ मन लावून बघतात.

मग कंट्रोल पॅनेलमध्ये इंडेक्सिंग ऑप्शन्स. यादीत मायक्रोसॉफ्ट आउटलुक आहे का? नसेल तर ‘मॉडिफाय’मध्ये जाऊन खूण करा. खूण करायला ओळच नसेल, तर मायक्रोसॉफ्ट ऑफिस या सॉफ्टवेअरची दुरुस्ती करावी लागेल, किंवा कंपनीच्या आयटी विभागाने धोरण म्हणून ते बंद केलंय. धोरणाशी भांडू नका, तिकीट टाका, म्हणजे आयटीकडे तक्रार नोंदवा.

रजिस्टर जाळण्याचं बटण याच खिडकीत ‘अॅडव्हान्स्ड’च्या आत आहे. नाव ‘रिबिल्ड’. ते दाबलं की जुना इंडेक्स पुसला जातो आणि इंडेक्समध्ये घेतलेल्या सगळ्या फाइल्स, सगळे मेल यांची नोंद पहिल्या पानापासून सुरू होते. मेलबॉक्स जुनी आणि गलेलठ्ठ असेल तर रात्र जाते, कधी दुसरा दिवसही. या काळात सर्च पूर्वीपेक्षा वाईट चालतं, ते बघून माणूस घाबरतो आणि पुन्हा रिबिल्ड दाबतो. झालं, परत पहिलं पान. फक्त मेलचीच तक्रार असेल तर माझा आवडता उपाय सौम्य आहे: आउटलुक बंद करा, ‘मॉडिफाय’मध्ये त्याची खूण काढून ओके करा, मग पुन्हा खूण करा आणि आउटलुक उघडा. मेलच्या नोंदी नव्याने होतात, बाकीच्यांना त्रास नाही.

जुने मेल पीएसटी फाइलमध्ये, म्हणजे आउटलुकच्या संगणकावरच्या साठवणीच्या फाइलमध्ये, ठेवलेले असतील आणि त्यातलेच सापडत नसतील, तर फाइलच जखमी असू शकते. ऑफिससोबत स्कॅनपीएसटी नावाचं अवजार येतं, ते ऑफिस१६ या फोल्डरमध्ये असतं. आउटलुक बंद करून, बॅकअपची खूण ठेवून ते चालवा. एका फेरीत सगळ्या चुका जात नाहीत, ‘चुका नाहीत’ म्हणेपर्यंत चालवा.

हे सगळं उत्तम असूनही काही मेल सापडत नाहीत, आणि इथे सर्चची बाजू घ्यावी लागते. शब्द सुरुवातीपासून जुळवायचा, ही त्याची पद्धत. पावतीचा नंबर ‘एबी२०४५७’ असा चिकटून लिहिलेला असेल आणि तुम्ही नुसतं ‘२०४५७’ टाकलंत, तर तो आउटलुकच्या दृष्टीने वेगळाच शब्द. स्कॅन केलेल्या पीडीएफमध्ये शब्द नसतात, चित्र असतं. बँकेच्या स्टेटमेंटला पासवर्ड असतो, तुमच्या नावाची चार अक्षरं आणि जन्मतारीख वगैरे. इंडेक्सरला तुमची जन्मतारीख कोणी सांगितलेली नसते.

आणि मराठी मजकुराची तर वेगळीच तऱ्हा. तुम्ही देवनागरीत ‘कुलकर्णी’ टाकलंत आणि मेलमध्ये ते रोमन लिपीत असेल तर गाठ पडणार नाही. ‘अॅप’ आणि ‘ॲप’ डोळ्यांना सारखेच दिसतात. पण एकात ‘अ’वर चंद्र वेगळा ठेवलेला असतो, दुसऱ्यात दोन्ही मिळून एकच चिन्ह असतं, आणि आत नोंदलेले आकडे वेगळे. कळफलक बदलला की सापडणारा शब्द बदलतो. ‘र्‍या’ आणि ‘ऱ्या’ची तीच गत. श्रीलिपी किंवा तत्सम जुन्या फाँटात टाइप केलेली परिपत्रकं तर पडद्यावर शुद्ध मराठी दिसतात, पण आत रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा काला असतो. इंडेक्सर तो काला इमानदारीने नोंदवून ठेवतो. अशा ठिकाणी मजकुराच्या नादी लागू नका. तारीख आणि पाठवणाऱ्याच्या पत्त्यावरून शोधा: इंग्रजीत फ्रॉम, त्याला चिकटून कोलन, मग नाव.

एवढं करूनही मेल दिसला नाही, तर पाठवणाऱ्याला त्याचा आउटबॉक्स उघडायला लावा. आउटबॉक्समध्ये थांबलेला मेल ‘गेला का बघू’ म्हणून उघडला आणि बंद केला, की आउटलुक तो पाठवायचं सोडून देतं. यादीतली त्याची तिरपी अक्षरं सरळ होतात आणि तो तिथेच राहतो. पाठवणारे साहेबच असतील, तर त्यांना हे सांगताना आवाज खाली ठेवा आणि सेंडचं बटण त्यांनाच दाबू द्या.