दहा मिनिटांत जोडा सेन्सर

आमच्या बिल्डिंगची टाकी भरली हे पार्किंगमध्ये धबधबा सुरू झाल्यावरच कळतं. म्हणून म्हटलं आपणच सेन्सर लावू, यूट्यूबवर एक पोरगा दहा मिनिटांत जोडतो. बुधवार पेठेत तपकीर गल्लीत गेलो, एचसी-एसआर०४ (आवाज सोडून समोरच्या वस्तूपर्यंतचं, म्हणजे टाकीत पाण्यापर्यंतचं, अंतर मोजणारा सेन्सर) मागितला तर दुकानदार विचारतो वायरी मेल-मेल देऊ की मेल-फीमेल, मागे चार जण उभे, मी म्हटलं दोन्ही द्या हो.

पिना चारच. एकीला ५ व्होल्ट, एक ग्राउंड, एक ट्रिग, एक इको. ट्रिगला १० मायक्रोसेकंदांचा चिमटा काढला की हा ४० किलोहर्ट्झमध्ये ओरडतो, आपल्याला काही ऐकू येत नाही पण मांजरांना येतं, शेजारच्यांची मनी तेव्हापासून आमच्या दारात कान टवकारून बसते. मग आवाज समोर आपटून परत यायला किती वेळ लागला ते बघायचं, आवाजाचा वेग सेकंदाला साधारण ३४३ मीटर, गुणायचं आणि भागिले दोन. बाबा लगेच, "दोन कशाला?" म्हटलं जाऊन परत येतो ना. "म्हणजे रिक्षावाले बरे, ते हाफच रिटर्न मागतात!"

एवढं सगळं होऊन स्क्रीनवर ०. परत ०. कोड तोच, वायरिंग तेच, तरी ०. शेवटी कळलं की ब्रेडबोर्डमध्ये (वायरी खोचायची भोकाभोकांची पट्टी) इकोच्या वायरवर बोट दाबून धरलं की ८७ येतात, उचललं की पुन्हा भोपळा. आई म्हणाली, एक माणूस बोट लावून बसवण्यापेक्षा त्यालाच गच्चीवर पाठव ना पाणी बघायला. (आईला इंजिनिअरिंगला घालायला हवं होतं, खरंच.)

वायर बदलली आणि चाललं एकदाचं! मग काय, अख्खं घर मोजून घ्यायला रांगेत. बाबांनी भिंत मोजली, टेप लावून खात्री केली, फ्रिज मोजला, कारण नसताना. आजी शाल गुंडाळून समोर बसली तर आकडा थेट मागच्या भिंतीचा. मी समजावलं, अगं मऊ कापडात आवाज मुरतो, म्हणून तू त्याला दिसत नाहीस. "या घरात मी दिसते कुणाला?" यावर कुठल्याच फोरमवर उत्तर नाही.

टाकीवर मात्र हा चालणार नाही म्हणे, उघडे डोळे, दमट हवेत खराब होतो. वॉटरप्रूफ वेगळा मिळतो, पण त्याला साधारण २० सेंटीमीटरच्या आतलं दिसतच नाही. बाबांनी चष्मा काढून विचारलं, "म्हणजे टाकी अगदी भरत आली की हा डोळे मिटणार?" म्हटलं हो, वर उंचावर लावला नाही तर.

"मग नवीन कशाला आणतोस, सेक्रेटरी आहेत की आपले."