शिकवणाऱ्यानं शिकायचं कशाला?

पाळकसाहेब, अभिनंदन! नावाआधी 'रेव्हरंड' लागलं, हर्णैपासून वेंगुर्ल्यापर्यंत संदेशाची आमंत्रणं यायला लागली. आता एकच पथ्य सांभाळा. यापुढे कुणाकडून काही शिकू नका. ज्याच्या हाती माइक, त्याच्याकडे ज्ञान, हे मंडळीला एकदा पटलं की निम्मं सेवाकार्य झालं.

सुरुवात बाप्तिस्म्यापासून करा. रविवारी उपासना सुटल्यावर साडेअकरा वाजता, खाडीवर, अशी पत्रिका छापून टाका. कुणाला विचारू नका. तरी मागच्या बाकावरचा एखादा म्हातारा, जन्म होडीवर गेलेला, उठून म्हणेलच, "साहेबानू, त्या दिसा अष्टमी आसा. त्या वक्ताक पाणी गावाचा नाय, चिखल गावतलो." त्याचं गणित साधं असतं. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. अष्टमीला भरती सहाला, म्हणजे भर दुपारी ओहोटी. किनाऱ्यावरच्या शेंबड्या पोरालाही हे ठाऊक असतं. पण त्याच्याकडे सेमिनरीची पदवी आहे का? नाही ना? मग त्याला मोशेपुढे समुद्र दुभंगल्याची गोष्ट ऐकवा आणि विश्वास वाढवायला सांगा.

समुद्र तुमच्यासाठीही बाजूला होईल. पांढऱ्या कपड्यांतली सहा माणसं गुडघाभर चिखलात उभी राहतील, पाणी शोधत तुम्ही पुढे पुढे जाल आणि तुमची एक चप्पल खाडी ठेवून घेईल. हसणाऱ्या पोरांची नावं लिहून ठेवा.

नंतर कमिटीत कुणी विषय काढलाच, तर बायबलमधलं एक वचन हेच ब्रह्मास्त्र आहे: "माझ्या अभिषिक्तांस हात लावू नका." भरती-ओहोटीपासून वर्गणीच्या हिशेबापर्यंत सगळीकडे चालतं. फक्त राजा दावीद स्वतः अभिषिक्त, म्हणजे देवाने निवडून नेमलेला होता, आणि नाथान संदेष्ट्याने तोंडावर "तो मनुष्य तूच" म्हटल्यावर त्याने चूक कबूल केली, एवढं कुणाच्या लक्षात येऊ देऊ नका.

असे अडचणीचे उतारे शास्त्रात बरेच आहेत. मोशे सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकटाच न्याय करत बसायचा, अगदी तुमच्यासारखा. सासरा इथ्रो आला आणि म्हणाला, हे काही ठीक नाही. हा मिद्यानचा याजक, आपल्या मंडळीचा सभासदसुद्धा नव्हे! तरी मोशेने ऐकलं आणि हजारांवर, शंभरांवर, पन्नासांवर, दहांवर नायक नेमले. अपुल्लो तर फर्डा वक्ता, शास्त्रात पारंगत. त्याला घरी नेऊन नीट समजावलं कुणी, तर तंबू शिवणाऱ्या अक्विला आणि प्रिस्किल्ला या जोडप्याने. महिला मंडळाच्या अभ्यासाला हा अध्याय ठेवू नका.

तुमचा खरा आदर्श दाविदाचा नातू, इस्राएलचा राजा रहबाम. वडीलधाऱ्यांचा सल्ला झिडकारला, बरोबर वाढलेल्या पोरांचा घेतला. बारापैकी दहा वंश हातचे गेले, पण 'माझं चुकलं' म्हणायची वेळ आली नाही!

भाषेचंही तेच. फादर थॉमस स्टीफन्स 1579 साली गोव्यात उतरले आणि जन्माने इंग्रज असून इथल्या लोकांची बोली शिकत बसले. त्यांचं मराठी ओव्यांमधलं 'ख्रिस्तपुराण' छापून निघालं ते 1616 साली. मध्ये सदतीस वर्षं गेली. तुम्हाला कुठे एवढी सवड? मुंबईच्या कन्व्हेन्शनमध्ये ऐकलेला संदेश हातवाऱ्यांसकट इथे उतरवा. मालवणी म्हाताऱ्या मान डोलावतील. कळलं नाही म्हणून डोलावतात, हे विचारायला जाऊ नका. (त्या सांगतील. हीच तर भीती.)

राहता राहिला तो खाडीवरचा म्हातारा. त्याला कमिटीतून प्रेमाने मोकळा करा, 'वयोमानामुळे' असं इतिवृत्तात लिहा. पण पुढच्या बाप्तिस्म्याची वेळ बदलू नका हं, नाहीतर तो बरोबर होता असं होईल. त्यापेक्षा चर्चच्या आवारात सिमेंटची टाकी बांधायला काढा आणि घरटी वर्गणी लावा. दारात समुद्र असताना टाकी कशाला, असं कुणी विचारलं, तर अभिषिक्तांचं ते वचन तुमच्याकडे आहेच.