मायक्रोसॉफ्ट वर्ड, माझ्या पत्राची तारीख बदलायला तुला कुणी सांगितलं होतं?

जावक क्रमांक १७/२०२५-२६, दिनांक १० सप्टेंबर २०२५. आमच्या सोसायटीच्या वार्षिक सर्वसाधारण सभेची नोटीस. मी स्वतः टाइप केली, स्वतः सही केली, वॉचमनबरोबर चौसष्ट घरांत पाठवली आणि घराघरातून वहीवर पोच घेतली. सभा २८ तारखेला, रविवारी. मध्ये सतरा पूर्ण दिवस. उपविधीत चौदा सांगितलेत, मी सतरा दिले. सहा तारखेला गणपती गेले आणि दुसऱ्या दिवसापासून मी हिशेबाची पत्रकं आणि विषयपत्रिका घेऊन बसले, कारण ३० सप्टेंबरच्या आत सभा झालीच पाहिजे हे मला कुणी सांगायला लागत नाही.

आता दुसरा कागद बघा. जा.क्र. १७/२०२५-२६. मजकूर तोच, विषय तेच, खाली माझंच नाव. दिनांक २२ सप्टेंबर २०२५.

झालं ते असं. घटस्थापनेच्या दिवशी बी विंगमधले एक सभासद ऑफिसात आले. म्हणाले, माझी नोटीस हरवली, एक प्रत द्या. मी कामावर होते. आमच्या मॅनेजरनी कॉम्प्युटरमधली फाइल उघडली, प्रिंट काढली, माझ्या नावावर ‘करिता’ लिहून सही ठोकली, सोसायटीचा गोल शिक्का मारला आणि दिली. त्यांनी मजकुरातलं एक अक्षर बदललं नाही, नुसती फाइल उघडली आणि प्रिंट दाबलं. बाकी सगळं वर्डनं केलं, फाइल उघडली की वरची तारीख आपोआप त्या दिवसाची.

रात्री नऊ वाजता त्या कागदाचा फोटो सोसायटीच्या ग्रुपवर. तारखेभोवती लाल गोल. खाली लिहिलेलं, ‘सभा २८ ला, नोटीस २२ ला. मध्ये पाच दिवस. सचिव मॅडम, सभा बेकायदा आहे. उपनिबंधकांकडे तक्रार करतोय.’

तळपायाची आग मस्तकात गेली. या माणसाच्या घरी ११ तारखेला नोटीस पोचलेली आहे, वहीवर त्यांच्या मिसेसची सही आहे, ठळक, पूर्ण नाव लिहून. पण रात्री नऊ वाजता ग्रुपवर वही कोण बघतं? फोटो बघतात. फोटोत शिक्का आहे, सही आहे, तारीख आहे. सकाळपर्यंत एकशे चाळीस मेसेज. एकानं लिहिलं, मागच्या तारखेच्या नोटिसा काढायची ही जुनी पद्धत आहे. मागच्या तारखेच्या! ज्या बाईनं आजवर एक कागद मागच्या तारखेचा काढला नाही तिला हे ऐकावं लागलं, ते कशामुळे? कुठल्या तरी चौकटीत ‘अपडेट ऑटोमॅटिकली’ समोर एक टिक राहिली होती म्हणून.

सभा झाली. पहिली चाळीस मिनिटं फक्त यावर गेली. आवक-जावक नोंदवही, पोचवही, नोटीस बोर्डाचा १० तारखेला कुणीतरी काढलेला फोटो, सगळं टेबलावर मांडावं लागलं. लिफ्टच्या खर्चाचा विषय महत्त्वाचा होता, तो शेवटच्या दहा मिनिटांत उरकला. आणि सभा संपल्यावरही दोन-तीन जण कुजबुजत होतेच, ‘पण दोन तारखा कशा काय आल्या?’

मला एक कळत नाही. पत्रावर तारीख कशासाठी घालतात? आज कुठला दिवस आहे ते कळायला? त्याला भिंतीवर कॅलेंडर आहे, मोबाइल आहे. पत्रावरची तारीख म्हणजे मी हे कधी लिहिलं, कधी सही केली, याची साक्ष. ती एकदा पडली की पडली. तिला हात लावायचा अधिकार मलाही नाही, मग यंत्राला कुठून आला? मी सही केलेल्या कागदावर उद्या कुणी व्हाइटनर लावून तारीख बदलली तर त्याला खाडाखोड म्हणतील, फौजदारी होईल. वर्ड तेच करतं, आणि त्याला म्हणे ‘सोय’ म्हणायचं.

बरं, ते दिसतही नाही. त्या तारखेवर कर्सर नेला तरच मागे करडा रंग येतो, एरवी साध्या टाइप केलेल्या तारखेत आणि या सरकत्या तारखेत डोळ्याला काडीचा फरक नाही. करडा रंग कायम दिसायला हवा असेल तर ऑप्शन्स, मग अॅडव्हान्स्ड, मग खाली खाली सरकत ‘फील्ड शेडिंग’ (फील्ड म्हणजे वर्ड स्वतः भरतं ती जागा), तिथं ‘ऑलवेज’. कोण जातं तिथं? मी जाऊन आले, आता सोसायटीच्या दोन्ही कॉम्प्युटरवर ‘ऑलवेज’ आहे. ऑल्ट एफ९ दाबलं की तारखेच्या जागी महिरपी कंसात ‘डेट’ असा शब्द उघडा पडतो. तो पहिल्यांदा दिसला तेव्हा मला चोर हातात सापडल्यासारखं झालं. हीच ती. हिनंच केलं सगळं.

आणि याला शॉर्टकट काय दिलाय, तर ऑल्ट शिफ्ट डी. गल्लोगल्लीच्या कॉम्प्युटर क्लासात हा शॉर्टकट शिकवतात, पोरं पाठ करतात, नोकरीला लागली की पहिल्या पत्रात वापरतात. कुणी त्यांना सांगतं का, की बाळा, ही तारीख उद्या उद्याची होणार आहे? एक्सेलमध्ये कंट्रोल आणि अर्धविराम दाबला की आजची तारीख पडते आणि तिथंच राहते. त्याच्याच शेजारी वर्ड बसलंय, एकाच पॅकेजमध्ये येतं, आणि तिथल्या शॉर्टकटनं पडणारी तारीख पळते! लिबरऑफिससारख्या फुकटच्या सॉफ्टवेअरमध्ये मेनूतून तारीख घातली तर ती न बदलणारी पडते, बदलणारी हवी असेल तर तुम्ही मुद्दाम मागायची. असं असायला हवं. गप्प बसणं हा नियम, बदलणं हा अपवाद.

माझा भाचा आयटीत आहे. म्हणाला, ‘मावशी, एवढं काय त्यात, कंट्रोल शिफ्ट एफ९ दाबायचं, तारीख साधा मजकूर होते.’ होते, मला माहीत आहे. कंट्रोल एफ११ नं ती कुलूपबंदही करता येते. पण लॅपटॉपवर एफ९ दाबलं की आधी काहीतरी वेगळंच होतं, म्हणून एफएन पण दाबा, म्हणजे चार बटणं एका वेळी. आणि सगळं सिलेक्ट करून दाबलं तर अनुक्रमणिका मरते, लिंका मरतात, पण पानाच्या वरच्या पट्टीतली तारीख सुटते, कारण सगळं सिलेक्ट केलं तरी हेडर सिलेक्ट होत नाही. आमच्या लेटरहेडवर तारीख कुठे आहे? हेडरमध्येच. ‘एवढं काय त्यात’ म्हणणाऱ्या माणसांचा मला मनस्वी राग आहे. ज्याच्यावर बेतत नाही त्याला प्रत्येक गोष्ट एवढीशीच असते.

त्याच भाच्यानं एकदा मला ‘क्रिएट डेट’, म्हणजे फाइल बनवली त्या दिवसाची तारीख, वापर म्हणून सांगितलं होतं. मॅनेजरनी ते फील्डच्या आत हातानं लिहायचा प्रयत्न केला आणि महिन्याच्या जागी लहान लिपीतले दोन एम घातले. लहान एम म्हणजे मिनिटं. थकबाकीच्या पत्रावर तारीख आली १२/४७/२०२४. सत्तेचाळिसावा महिना. ते पत्र एका सभासदाला गेलंसुद्धा.

नवा कॉम्प्युटर आला तेव्हा वेगळीच तऱ्हा. दुकानदारानं अमेरिकेचं सेटिंग तसंच ठेवलेलं. ५ फेब्रुवारीची पत्रं २/५ लिहून बाहेर पडली, म्हणजे आपल्या हिशेबानं दोन मे. पाणीपुरवठ्याबद्दलचं एक पत्र तीन महिने पुढचं घेऊन मी खिडकीवर उभी राहिले आणि तिथल्या बाईंनी ते परत माझ्या हातात ठेवलं. त्यांचं बरोबरच होतं.

एक्सेलचंही सांगते, कारण तेही याच जातीचं दुखणं आहे. आमच्याकडे फ्लॅटचे नंबर ३-४, ५-२ असे, मजला आणि घर. एक्सेलमध्ये लिहिलं की त्याचं होतं ३ एप्रिल, ५ फेब्रुवारी. देखभाल शुल्काच्या यादीत माणसं फ्लॅटऐवजी तारखांमध्ये राहतात. जनुकांवर काम करणारे जगभरचे शास्त्रज्ञ यापायी इतके जेरीला आले की ‘मार्च १’, ‘सेप्ट १’ अशा जनुकांची अधिकृत नावंच २०२० मध्ये बदलावी लागली. सॉफ्टवेअर बदलेना म्हणून जनुकाचं नाव बदललं! त्यानंतर २०२३ मध्ये कुठे हे आपोआप बदलणं बंद करायची सोय दिली. माणसानं काय लिहिलंय ते तसंच राहू द्यावं, एवढी साधी गोष्ट यांना इतकी जड का जाते?

पण हे सगळं मी गिळलं असतं. नोटिशीचं प्रकरणही वहीमुळे निभावलं. खरी कळ वेगळ्या ठिकाणची आहे.

सभेनंतर मी ठरवलं की सोसायटीच्या फोल्डरमधली सगळी पत्रं तपासायची. आमच्या जमिनीचं अभिहस्तांतरण, म्हणजे जमीन सोसायटीच्या नावे होणं, अजून झालेलं नाही. मोफाच्या, म्हणजे फ्लॅट मालकीच्या कायद्याच्या, नियमाप्रमाणे सोसायटीची नोंदणी झाल्यावर चार महिन्यांत बिल्डरनं जमीन सोसायटीच्या नावे करून द्यायची असते. आमची वर्षानुवर्षं रखडली आहे आणि आता आम्ही मानीव अभिहस्तांतरणासाठी, म्हणजे बिल्डरशिवाय ते करून घेण्यासाठी, जिल्हा उपनिबंधकांकडे अर्जाची तयारी करतोय. त्यासाठी आम्ही बिल्डरकडे कधी कधी मागणी केली ते सगळं क्रमानं लावायचं आहे. मी फोल्डर उघडलं. २०१७ चं पत्र उघडलं, आजची तारीख. २०१८ चं उघडलं, आजची तारीख. स्मरणपत्र एक, स्मरणपत्र दोन, अंतिम स्मरणपत्र, सगळी आज लिहिल्यासारखी. ‘आमच्या वरील संदर्भीय पत्रास आठ महिने उलटूनही’ असं मजकुरात लिहिलंय आणि वर तारीख या आठवड्यातली.

ती पत्रं आमच्या आधीच्या सचिवांनी लिहिलेली. निवृत्त शिक्षक होते, आता हयात नाहीत. रात्री जागून एकेक वाक्य तोलून लिहायचे, शुद्धलेखनाची एक चूक सापडणार नाही. बिल्डरच्या ऑफिसात पोच घ्यायला स्वतः जायचे, दोन-दोन तास बसायचे. त्या माणसाच्या इतक्या वर्षांच्या चिकाटीचा पुरावा म्हणजे त्या तारखा.

म्हणून रोज रात्री जेवणं झाली की मी बसते. एका हाताला जावक नोंदवही, दुसऱ्या हाताला पोचपावत्यांची फाइल. बिल्डरच्या आवक शिक्क्यावरची तारीख वाचायची, नोंदवहीतल्या क्रमांकाशी ताडून बघायची, वर्डमधली तारीख पुसायची, खरी तारीख हातानं टाइप करायची, पीडीएफ करायची, नावात तारीख घालून ठेवायची. काही शिक्के इतके फिके झालेत की टॉर्च मारून बघावं लागतं, ३ आहे की ८. आत्तापर्यंत एकतीस पत्रं झाली.

एक राहिलंय. दीड पानाचं, सगळ्यांत कडक, त्यात चार महिन्यांच्या मुदतीचा नियम कलमासकट दिलेला आहे. त्याची पोच फाइलमध्ये नाही. नोंदवहीचं ते पान पावसात भिजलेलं, क्रमांक दिसतो, तारखेच्या रकान्यात निळा डाग. फाइलच्या प्रॉपर्टीजमध्ये पाहिलं, तिथं शेवटचं सेव्ह २०२३ चं, म्हणजे मध्ये कुणीतरी उघडून सेव्ह करून ठेवलंय. सरांच्या मिसेसना फोन केला, त्यांच्याकडे काही जुने कागद आहेत, रविवारी या म्हणाल्या.

तोवर मी ती फाइल उघडत नाही. उघडली की वर आजचीच तारीख दिसते, खाली सरांचं नाव.