‘जरा निवांत’ फिरून येऊ

कॅम्पवर सकाळचा दुसरा चहा झाला की कोणीतरी आळोखेपिळोखे देत म्हणतंच, ‘चला, नदीकाठाने जरा निवांत फिरून येऊ.’ यातल्या ‘जरा’वरही माझा विश्वास नाही आणि ‘निवांत’वर तर अजिबातच नाही. डांबरी रस्त्यावर तासाला 4 किलोमीटर चालणारा माणूस कोलाडच्या रानात 2 चालला तरी डोक्यावरून पाणी. त्यात वाट विचारावी तर गावातले आजोबा हनुवटीनेच दिशा दाखवून ‘ह्ये काय, हाकेवर’ म्हणतात. त्यांची हाक कुठवर जाते, हे विचारायचं राहून जातं.

हाफपँट हा पहिला गाढवपणा. पावसाळा सरला की आघाडा आणि कुसळं आपल्या पोटऱ्यांची वाटच बघत उभी असतात. कुसळ मोज्यात घुसलं की मागे खेचू नये, त्याची उलटी लव अडते. ज्या दिशेने शिरलं त्याच दिशेने पुढे काढावं. खाजकुयलीची गोष्ट वेगळी. तिच्या सोनेरी मखमली शेंगा बघून ‘अय्या, किती गोड!’ म्हणत हात लावणारी व्यक्ती प्रत्येक कॅम्पला एक तरी असतेच. मग खाजवलं की लव आणखी आत रुतते. आधी चिकटपट्टी लावून ती उपटायची, मग न चोळता धुवायचं. म्हणून पिशवीत चिवड्याआधी चिकटपट्टी. चिवडा नसला तर फक्त भांडणं होतात.

नदी तर त्याहून बेरकी. कुंडलिकेला फुगायला पाऊस लागत नाही. घाटमाथ्यावरच्या मुळशी धरणाचं पाणी खाली भिऱ्याच्या वीजघरात उतरतं, वीज करतं आणि मग नदीत येतं. त्यामुळे ऐन जानेवारीत, वर निळंभोर आभाळ असताना, पाणी चढतं. राफ्टिंगवाले खूश, आणि धोंड्यावर बूट वाळत घालून पोहे खाणारे अनवाणी. पाणी कधी सुटणार ते निघण्याआधी गावात विचारावं. काठावर बसलात तर पाण्याच्या कडेला एक काडी रोवा. ती बुडाली की पोहे तोंडात असले तरी उठायचं.

मुख्य पात्र ओलांडायच्या भानगडीत पडूच नये. ओढा ओलांडायचाच असेल, तर तो अरुंद दिसतो तिथून नको, कारण तिथेच तो खोल आणि जोरदार असतो. पसरट, खळखळणारी जागा बघा. पाणी गुडघ्याच्या वर असेल तर मुकाट परत फिरा. पाठपिशवीचा कमरेचा पट्टा सोडा, पडलात तर ती झटकता आली पाहिजे. पाणी येतं त्या बाजूला तोंड, काठी पुढे, आणि एका वेळी एकच पाय हलवा. शेवाळलेल्या गोट्यांवरून उड्या मारत जाणं फार देखणं दिसतं, पहिल्या दोन गोट्यांपर्यंत.

संध्याकाळी ओले बूट शेकोटीला लावायचा मोह सगळ्यांनाच होतो. गोंद वितळतो आणि तळवा जबडा उघडतो. आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबून ठेवावेत, दर दोन तासांनी बदलावेत. एवढं सगळं आवरून पाठ टेकावी, तर शेजारच्या तंबूतून आवाज येतो, ‘उद्या डोंगराच्या बाजूने जाऊ या का? जरा निवांत?’