काटे दिसले म्हणजे झालं

नोकरीला कंटाळून नागपुरात काटेरी तारेचा कारखाना टाकायचं म्हणताय? टाकाच. बेसा, पिपळा, हुडकेश्वर, उमरेड रोड, कुठेही गाडी फिरवा. रिकामे प्लॉट दिसतील आणि प्लॉटवर पाटी दिसेल, ‘सदर प्लॉट विकणे नाही’. विकायचाच नाही तर पाटी कशाला, हे बाहेरगावच्या माणसाला उमगत नाही. नागपूरकराला बरोबर उमगतं. आपला प्लॉट आपल्या नकळत तिसऱ्याने चौथ्याला विकून टाकला, ही गोष्ट इथे प्रत्येकाच्या एका तरी मावसभावाच्या बाबतीत घडलेली असते. अशा शहरात तारेचा धंदा बुडवायला वेगळीच हुशारी लागते. ती तुमच्यात नाही असं धरून चालतो.

गिऱ्हाईक तुमच्याकडे झोप विकत घ्यायला येतं. त्याला झोप लागेल एवढी तार द्या. त्यापेक्षा जास्त देणं म्हणजे उधळपट्टी.

शेड हिंगणा एमआयडीसीत बघा, नाहीतर बुटीबोरीला. मशीन फार मोठं नसतं. मागून दोन तारा सरकत येतात, बाजूने आणखी एक तार येऊन वेढे मारते, पातं खाली येऊन तिला तिरकं कापतं आणि काटा तयार होतो. पुढची चौकट गरगर फिरत दोन्ही तारांना पीळ देते आणि बंडल गुंडाळत जाते. सगळी गंमत त्या पिळात आहे. अमेरिकेत इलिनॉय राज्यातल्या डीकाल्बच्या जोसेफ ग्लिडन या शेतकऱ्याला २४ नोव्हेंबर १८७४ रोजी जे पेटंट मिळालं, ते याच युक्तीचं. काटे लावून बघणारे त्याच्या आधीही होते, पण त्यांचे काटे तारेवरून सरकत जायचे. ग्लिडनने दुसरी तार पिळून काटा जागच्या जागी जखडून टाकला. काटे वळायला त्याने घरातलं कॉफी दळायचं यंत्र वापरलं म्हणतात. बायकोला विचारलं होतं का, ते कुणी सांगत नाही.

तुम्ही पिळाच्या बाबतीत हात आखडता घ्या. मीटरमागे चार पीळ कमी पडले की मशीन भराभर बंडल ओकतं. काटे सैल राहतील, बोटाने इकडेतिकडे सरकतील. सरकू द्या. बोटाने काटा सरकवून बघणारं गिऱ्हाईक अजून जन्माला यायचंय.

आता गेज, म्हणजे तारेच्या जाडीचा आकडा. इथे देवानेच तुमची सोय करून ठेवली आहे. गेजचा आकडा वाढतो तशी तार बारीक होते. १२ गेजची तार २.६४ मिलिमीटरची, १४ची २.०३. गिऱ्हाइकाला वाटतं चौदा म्हणजे बाराहून दोनने जास्त, तेव्हा नक्की दणकट असणार. या समजाला धक्का लावू नका. दोन्ही आडव्या तारा बाराऐवजी चौदाच्या घेतल्या की पोलाद जवळपास ४० टक्के कमी लागतं आणि रस्त्यावरून बघणाऱ्याला फरक कळत नाही. इतवारीत लोहाओळीतला मुरलेला व्यापारी मात्र तार नुसती चिमटीत धरून गेज सांगतो. त्याला चहा पाजा, तार दाखवू नका.

पण सावध राहा. किलोच्या भावाने विकत असाल तर बारीक तार देऊन उलट गिऱ्हाइकाचंच भलं होतं, त्याच पैशात त्याला जास्त मीटर मिळतात. असली समाजसेवा टाळायची असेल तर भाव नेहमी रनिंग फुटावर सांगा, ‘खांबासकट, लावून’. या दोन शब्दांत किलो, गेज, जस्त सगळं बुडून जातं. आयएस २७८ हे काटेरी तारेचं भारतीय मानक आहे. ते विकत आणून वाचू नका. वाचलं की मन खातं.

जस्ताचं प्रकरण जरा बारकाईने समजून घ्या, कारण खरा पैसा तिथे आहे. तारेवरचा जस्ताचा थर शोभेचा नसतो. जस्त स्वतः झिजतं आणि पोलादाला वाचवतं. ओरखडा पडला तरी आजूबाजूचं जस्त उघड्या पोलादाला सांभाळून घेतं. थर जेवढा जाड, तेवढी तार जास्त टिकणार. याचा सरळ अर्थ असा की थर जाड दिलात तर गिऱ्हाइकाच्या जागी त्याचा मुलगाच परत येईल, तोही तुमच्या मुलाकडे. एवढा संयम धंद्यात परवडत नाही. नुसता विजेवर चढवलेला पातळ मुलामा नवा असताना जास्तच चकाकतो, आणि गिऱ्हाईक तर चकाकीच बघतं.

काट्याचं टोक तसंही उघडंच असतं, कारण तार आधी जस्तात बुडते आणि काटा नंतर कापला जातो. पहिल्या पावसानंतर जवळ जाऊन बघा, प्रत्येक टोकावर मोहरीएवढा तांबूस ठिपका आलेला असतो. गिऱ्हाइकाने विचारलंच तर बिनधास्त सांगा, “काकाजी, ते चोरासाठीच ठेवलं आहे. गंजका काटा लागला की धनुर्वात होते.” धनुर्वाताचे जंतू गंजात नसून मातीत आणि शेणात असतात, हे डॉक्टरला माहीत असतं. काकाजी डॉक्टर निघाले तर विषय बदला.

एका जमातीपासून मात्र लांब राहा, ती म्हणजे संत्रेवाले. काटोल-नरखेडकडच्या बागाइतदाराकडे बोर्डो मिश्रणासाठी (झाडांवरच्या बुरशीचं औषध) मोरचूद घरचाच असतो, आणि जस्ताची परीक्षा मोरचुदाच्याच पाण्यात होते. तारेचा तुकडा मिनिटभर बुडवायचा, काढून पुसायचा, पुन्हा बुडवायचा. जस्त शिल्लक आहे तोवर वर काळसर राप येतो आणि पुसला जातो. जस्त संपलं की पोलादावर लख्ख तांबं चढतं आणि ते पुसून निघत नाही. तुमची तार पहिल्याच डुबकीत लाल होणार. तेव्हा अशा माणसाशी संत्र्याच्या भावावर बोला, पावसावर बोला, पण त्याला बादलीपाशी जाऊ देऊ नका.

विक्रीची कला शिकायची तर जॉन गेट्सकडून शिका. १८७६ मध्ये टेक्सासमधल्या सॅन अँटोनियोच्या चौकात या पोरसवदा विक्रेत्याने काटेरी तारेचं रिंगण केलं, आत दांडगे बैल सोडले आणि जमलेल्या पशुपालकांना म्हणाला, बघा आता. बैल तारेवर धडकले, मागे फिरले, आणि दिवस मावळेपर्यंत त्याच्याकडच्या ऑर्डरी मालापेक्षा जास्त झाल्या, अशी गोष्ट सांगतात. आपल्याकडे एवढं धाडस नको, बैल खरोखरच बाहेर आले तर पंचाईत. प्रदर्शनाच्या मांडवात बंडलांची उंच चळत रचा, वर एक हॅलोजन सोडा. काटे चमकले की काम फत्ते.

आणि चांगली तार देण्याचे धोकेही असतात, ते कुणी सांगत नाही. टेक्सासच्याच उत्तर भागात गुरं दक्षिणेकडे भरकटू नयेत म्हणून मैलोन्‌मैल तार ओढली होती. तार उत्तम होती, खांब मजबूत होते. १८८५-८६च्या हिवाळ्यात बर्फाचं वादळ आलं, गुरं वाऱ्याला पाठ करून दक्षिणेकडे निघाली, तारेला येऊन अडली आणि तिथेच हजारोंनी गोठून मेली. तार चौदा गेजची आणि पीळ सैल असता तर वाचली असती बिचारी. गिऱ्हाइकाने दर्जाचा आग्रह धरला की ही गोष्ट डोळ्यांत पाणी आणून सांगा.

शेतकरी गिऱ्हाईक आलं तर काम सोपं आहे. त्याला डुकरं आणि रोही, म्हणजे नीलगाई, नको असतात. खालची तार जमिनीपासून हातभर वर लावा म्हणजे डुक्कर खालून जाईल, आणि एकूण उंची चार फूट ठेवा म्हणजे रोही वरून जाईल. दोघांची वाट वेगळी राहिली की भांडण नाही. हंगामानंतर तो येऊन म्हणेल, “भाऊ, या तारेले त डुक्कर भेतच नाही.” तुम्ही म्हणा, “बाप्पा, डुकराले सवय होऊन गेली. आता आणखी दोन लाईनी मारून घ्या.” त्याचे आजोबा बाभळीच्या काट्या आणि बोराटी लावून फुकटात एवढंच राखण करत होते, हे त्याला आठवू देऊ नका.

इथे मात्र थट्टा थांबवतो. रात्री तारेत घरचा करंट सोडायचा सल्ला कुणी मागितला तर त्याला बाहेर काढा. झटका यंत्र सेकंदाला एखादा क्षणभराचाच धक्का देतं, जनावर भिऊन पळतं. खांबावरून आकडा टाकून सोडलेली २३० व्होल्टची वीज सोडत नाही. विदर्भात तिने वाघ मारलेत, आणि पहाटे पाणी द्यायला निघालेली माणसंही.

तर आपण कुठे होतो? सोसायटी. सोसायटीला साधी तार चालत नाही, तिला वर गोल-गोल ब्लेडवाली लागते, कारण शेजारच्या सोसायटीने लावलेली असते. ही ब्लेडची कल्पना पहिल्या महायुद्धातली. जर्मनीला तारेचा तुटवडा पडला तेव्हा त्यांनी पत्र्याच्या पट्ट्या कापून काटे काढले. आता अर्ध्या मिलिमीटरच्या पट्टीत पात्यांचा छाप मारतात आणि ती आतल्या अडीच मिलिमीटरच्या कडक तारेवर घट्ट दाबून बसवतात. खरी ताकद त्या आतल्या तारेची. ती कडक असली तर साधी पक्कड दमते. साधी मऊ तार घातली तर सोसायटीतला इलेक्ट्रिशियनसुद्धा चहा पिता पिता कापून देतो. आतली तार बाहेरून दिसत नाही, म्हणजे काय करायचं ते तुम्हाला कळलंच असेल.

कॉईल लावताना मन मोठं करून ताणा. जितकी ताणाल तितके वेढे विरळ होतात आणि व्यास उतरतो, पण भिंत मात्र लांबच्या लांब झाकली जाते. दोन वेढ्यांमधून पोरगं सहज जाईल एवढी जागा राहिली तरी हरकत नाही. पोरं तशीही गेटमधूनच येतात. गेटवर चौकीदार मोबाईलमध्ये डोकं घालून बसलेला असतो आणि जेवण पोचवणाऱ्यांसाठी गेट रात्री बारापर्यंत सताड उघडं असतं. तीन बाजूंनी ब्लेड आणि चौथीकडून ‘या’, ही रचना एकदा मीटिंगमध्ये मंजूर झाली की बदलत नाही. संक्रांतीनंतर त्याच ब्लेडांना अख्ख्या मोहल्ल्याचा मांजा आणि फाटक्या पतंगी लटकतात. तेवढ्यापुरती कॉईल अगदी कार्यक्षम ठरते.

टेंडरचं काम मिळालं तर थोडी घोकंपट्टी करा. सरकारी कामांच्या तपशिलात काटेरी तारेचं वजन लिहिलेलं असतं, १०० मीटरला कमीत कमी ९.३८ किलो. शिवाय सिमेंटच्या खांबांत दर पंधराव्या खांबाला आणि कोपऱ्याला दोन्हीकडून टेकू. १०० मीटर तार तोडून वजनकाट्यावर ठेवायला उन्हात कुणी उभं राहत नाही, आणि पंधरापर्यंत मोजायचं तर चालावं लागतं. पहिल्या आणि शेवटच्या खांबाचे टेकू तेवढे बळकट ठेवा, साहेबांची गाडी तिथेच थांबते.

उरलेलं काम नागपूरची काळी माती करते. पावसाळ्यात ती फुगते, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. फूटभर खड्ड्यात उभे केलेले खांब दोन उन्हाळ्यांत एकमेकांकडे झुकतात. त्यात १०० मीटर तार डिसेंबरच्या गारठ्यातून मेच्या ४५ अंशांत गेली की सुमारे चार सेंटिमीटर लांब होते, म्हणजे झोळ पडणार तो पडणारच. चांगले लोक खड्डा खोल घेतात, काँक्रीट भरतात, ताण यंत्राने देतात. तुम्ही म्हणा, “काकाजी, माती हलते, आपण काय करणार?” खोटं बोलायचीही गरज नाही, ही माती खरंच हलते.

गॅरंटी छापून द्या, तोंडी देऊ नका. ‘पाच वर्षे. हवामानामुळे होणारा गंज वगळून.’ हवामान नसलेल्या ठिकाणी कुणी कुंपण घालत नाही. फोन आला तर हवा खारट झालीये म्हणा. समुद्र इथून कितीतरी दूर आहे म्हणून कुणी वाद घालायला लागला, तर त्याला पुढच्या वर्षी ब्लेडवाली कॉईल वरून टाकून देतो म्हणून सांगा, डिस्काउंटमध्ये.

तिसऱ्या-चौथ्या पावसाळ्यानंतर बेशरमाची झुडपं कुंपणातून वर येतात, तार खाली लोंबते आणि मालक म्हणतो काढून न्या एकदाची. तेव्हा माणसं पाठवून जुनी तार उचलून आणा. भाव भंगाराचा द्या, पण गंजाचे, मातीचे आणि अडकलेल्या पाल्याचे किलो वजा करायला विसरू नका. त्या दिवशी वजनकाटा अगदी चोख हवा, आणि मोजायला स्वतः उभं राहायचं.