वापरता येणार नाही अशी सोय कशी करावी

आपल्या इमारतीत किंवा कार्यक्रमात अपंग व्यक्तींची सोय करण्याचे आपण मनावर घेतले असेल, तर प्रथम आपले अभिनंदन. सोय करणे तसे अवघड नाही. ती तपासणीच्या वेळी दिसावी, अहवालात यावी आणि तरीही कोणाच्या उपयोगी पडू नये, हे साधायला मात्र अभ्यास लागतो. हा अभ्यास ज्यांनी पूर्ण केला आहे अशा मंडळींच्या पाहुणचाराचा लाभ मला गेल्या आठवड्यात झाला. समावेशनाविषयीच्या दिवसभराच्या परिसंवादात मी वक्ता होते आणि निमंत्रणपत्रावर ‘सभागृह संपूर्णपणे अडथळाविरहित आहे’ असे ठळक अक्षरांत छापले होते. मी चाकाची खुर्ची वापरते. असे वाक्य वाचले की मी आदल्या संध्याकाळपासून पाणी पिणे कमी करते. का, ते पुढे येईलच.

सुरुवात उतारापासून करावी. जाणकार सांगतात की उताराचे प्रमाण एकास बारा असावे, म्हणजे 15 सेंटिमीटरच्या एका पायरीसाठी 1.8 मीटर आणि अशा तीन पायऱ्यांसाठी 5.4 मीटर लांबीचा उतार लागतो. एवढी जागा त्यात घालवण्याऐवजी पायऱ्यांच्याच कडेला, पायऱ्यांच्याच चढाने सिमेंट ओतावे आणि त्यावर चकचकीत फरशी बसवावी. मग चढताना खुर्ची मागे कलंडते आणि उतरताना माणूस थेट रस्त्यावर पोचतो, त्यामुळे सर्वांचाच वेळ वाचतो. उतार संपतो तेथे चार बोटांचा उंबरठा मात्र राहू द्यावा, कारण दाराला काही शोभा हवी.

पदपथावर उंचवट्यांच्या पिवळ्या फरशा लावाव्यात. या फरशांची कल्पना जपानमधील सेइइची मियाके यांची. 1967 मध्ये ओकायामा येथील अंधशाळेजवळ त्या पहिल्यांदा बसवल्या गेल्या. लांबट पट्ट्या म्हणजे ‘पुढे चला’ आणि गोल ठिपके म्हणजे ‘थांबा, पुढे धोका आहे’, अशी त्यांची भाषा आहे. ही भाषा शिकण्याच्या भानगडीत न पडता गवंड्याच्या हाती पेटी द्यावी आणि नक्षी चांगली दिसेल अशा बेताने फरशा लावायला सांगाव्यात. पट्ट्यांची रांग विजेच्या खांबापाशी नेऊन संपवली तर उत्तमच. उरलेल्या भागावर दुचाकी उभ्या करण्याची जबाबदारी नागरिक स्वतःहून उचलतात.

खुर्चीत बसलेल्या व्यक्तीला काही विचारायचे असल्यास ते तिच्यामागे उभ्या असलेल्या व्यक्तीला विचारावे.

कार्यक्रमाची नोंदणी ऑनलाइन ठेवावी आणि अर्जाच्या शेवटी ‘आपण यंत्रमानव नाही हे सिद्ध करण्यासाठी ज्या चौकटींत वाहतूक दिवे आहेत त्या निवडा’ अशी अट घालावी. स्क्रीन रीडरवर ऐकून अर्ज भरणारी अंध व्यक्ती येथे यंत्रमानव ठरते, आणि यंत्रमानवांना तर आपण बोलावलेलेच नसते.

सांकेतिक भाषेचा दुभाषी बोलवावा, पण एकच बोलवावा आणि अंधारात उभा करावा. हे काम इतके थकवणारे असते की वीस-तीस मिनिटांनी दुभाषी बदलावा लागतो, असे कर्णबधिर मंडळी सांगतात. परंतु प्रकाशझोत जसा वक्त्यासाठी असतो तसे मानधनही वक्त्यांसाठीच असते, हे त्यांना कोण सांगणार? (माझे मानधन स्मृतिचिन्हाच्या रूपाने मिळाले. ते पाच किलोंचे असावे आणि मांडीवर घेऊन खुर्ची ढकलता येत नाही.)

आता स्वच्छतागृह. ते अवश्य बांधावे. आत खुर्ची पूर्ण वळेल अशी सुमारे दीड मीटर व्यासाची मोकळी जागा ठेवावी, दार बाहेरच्या बाजूला उघडणारे असावे, कमोडशेजारी आधाराची दांडी आणि संकटसमयी ओढायची दोरी बसवावी, दारावर निळी पाटी लावावी आणि छायाचित्र काढावे. छायाचित्र निघाले की त्या जागेचा खरा उपयोग सुरू होतो, कारण इमारतीत एवढी मोकळी, कोरडी आणि कोणी जाब विचारणार नाही अशी दुसरी जागा नसते. मी गेले त्या सभागृहात त्या दारावर कुलूप होते. दुपारच्या सुट्टीत मी तेथे पोचले तेव्हा किल्ली कोणाकडे आहे हे कोणालाच ठाऊक नव्हते. एका स्वयंसेवकाने माझ्या बहिणीला अत्यंत नम्रपणे विचारले, “त्यांना आत्ताच जायचे आहे का?” आत्ताच! जणू मी पुढच्या महिन्याची तारीख घ्यायला आले होते. किल्ली ज्यांच्याकडे होती ते गृहस्थ बाहेर गेले होते आणि ते येईपर्यंत मी चाळीस मिनिटे त्या निळ्या पाटीखाली बसून होते. येणारेजाणारे माझ्याकडे पाहून समजूतदारपणे हसत होते. कुलूप निघाले तेव्हा आत प्लास्टिकच्या खुर्च्यांची छताला टेकलेली चळत, दोन बादल्या, एक मोडका पोडियम आणि गुंडाळलेले फलक होते. त्यांतला एक हलवताना उलगडला. तो गेल्या 3 डिसेंबरचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय अपंग दिनाचा होता. आधाराच्या दांडीवर फरशी पुसण्याची ओली फडकी वाळत घातली होती. संकटाची दोरी पायांत येऊ नये म्हणून वर गाठ मारून ठेवली होती, म्हणजे जमिनीवर पडलेल्या माणसाने ती ओढण्यासाठी आधी उभे राहायचे. सहा माणसांनी ती अडगळ बाहेर काढली. मला कशासाठी आत जायचे आहे याची वार्ता एव्हाना मजलाभर झाली होती. मी आत गेले तर दाराला आतून कडी नव्हती, कारण सामानाच्या खोलीला आतून कडी लावायची कोणाला गरज पडते? माझी बहीण बाहेरून दार धरून उभी राहिली. एका परिसंवादाची वक्ता, वय वर्षे छप्पन, आणि दाराबाहेर बहीण पहाऱ्यावर! आयोजक नंतर म्हणाले, “मॅडम, तुम्ही आधी कळवायला हवे होते.” काय कळवायचे होते? ज्या खुर्चीमुळे तुम्ही मला बोलावले, ती खुर्ची घेऊन येणाऱ्या बाईलाही लघवी होते, हे?

पाण्याविषयी म्हणत होते ते हेच. माझ्या ओळखीच्या किती तरी जणी दिवसभर बाहेर राहायचे असेल तर आदल्या रात्रीपासून घोट घोट मोजून पाणी पितात. त्यातून मूत्रमार्गाचा संसर्ग होतो, ताप येतो, आणि मज्जारज्जूला इजा झालेल्यांना तर तो पुन्हा पुन्हा गाठतो व प्रकरण मूत्रपिंडापर्यंत जाऊ शकते. तुमच्या कार्यक्रमाला आलेली अपंग स्त्री हसतमुख आणि कोरड्या ओठांची दिसली तर तिच्या जिद्दीचे कौतुक करण्यापूर्वी याचा विचार करावा.

जिद्दीचे कौतुक, अर्थात, सोडू नये. ते फुकट असते.

शब्द दर काही वर्षांनी बदलत राहावेत. अपंग म्हणून झाले, विशेष म्हणून झाले, दिव्यांग म्हणून झाले. पाटी रंगवायला लागणारा वेळ कडी बसवायला लागणाऱ्या वेळाहून कमी असतो.

‘आमच्याकडे अशी माणसे येतच नाहीत’ हे उत्तर तोंडपाठ ठेवावे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे जगात सुमारे 130 कोटी लोक, म्हणजे साधारण दर सहा जणांमागे एक जण, लक्षणीय अपंगत्वासह जगतात. त्यांच्यापैकी एकही आपल्या दारी आला नाही, याचा अर्थ आपला उंबरठा नीट काम करीत आहे. तरीही कोणी हट्टाने आलाच, तर चौघांनी त्याला खुर्चीसकट उचलावे आणि सभेत त्याबद्दल स्वतःचे आभार मानून घ्यावेत.

या लोकांना चढायचेच असेल तर ते कसेही चढतात, असेही म्हणून पाहावे. 12 मार्च 1990 रोजी वॉशिंग्टनमध्ये अपंगांच्या नागरी हक्कांचा कायदा रखडला होता, तेव्हा आंदोलकांनी आपल्या खुर्च्या आणि कुबड्या खाली ठेवल्या आणि ते संसद भवनाच्या पायऱ्या सरपटत चढले. त्यांत आठ वर्षांची एक मुलगीही होती. त्याच वर्षी 26 जुलैला त्या कायद्यावर सही झाली. या प्रसंगाची चित्रफीत तुमच्या परिसंवादात दाखवली गेली आणि प्रेक्षकांनी टाळ्या वाजवल्या. त्या वेळी मी व्यासपीठाच्या खाली होते, कारण वर जायला तीन पायऱ्या होत्या.

टाळ्या कसल्या वाजवता? त्या मुलीला पायऱ्यांवरून सरपटावे लागले ही शरमेची गोष्ट होती, आणि तिचे नाव घेऊन तुम्ही मला तशाच पायऱ्यांखाली बसवता. संयुक्त राष्ट्रांच्या महासभेने 13 डिसेंबर 2006 रोजी अपंग व्यक्तींच्या हक्कांचा करार स्वीकारला. इमारतींपासून माहितीपर्यंत सर्व काही आम्हाला वापरता आले पाहिजे, असे त्याचे नववे कलम सांगते, आणि आमच्याविषयीचे निर्णय आम्हाला विचारून घ्यावेत, असे चौथे कलम सांगते. या दोन्ही कलमांवर तुमच्या परिसंवादात निबंध वाचले गेले. मात्र ते स्वच्छतागृह बांधताना, ती कडी काढताना, ती दोरी गाठ मारून वर बांधताना तुमच्यापैकी एकानेही चाकांवरच्या एका माणसाला विचारले नाही. पैसे नव्हते असे सांगू नका. कडीला किती पैसे लागतात? फडकी दुसरीकडे वाळत घालायला किती लागतात? तुम्हाला आमची सोय नको आहे, तुम्हाला निळी पाटी हवी आहे, आणि पाटीखाली बसवायला वर्षातून एकदा आमच्यापैकी कोणीतरी.

पुढच्या वर्षीचे निमंत्रण कालच येऊन पडले आहे आणि त्यावरही तेच ठळक वाक्य आहे. मी उत्तर पाठवले आहे: त्या दाराचे छायाचित्र पाठवा, बाहेरून नव्हे, आतून, कार्यक्रमाच्या आदल्या संध्याकाळी काढलेले, ज्यात दांडी रिकामी, दोरी जमिनीपर्यंत लोंबणारी आणि कडी बसवलेली दिसते आहे. ते आल्याशिवाय मी येणार नाही, आणि माझे नावही छापू नका.