उसण आणि हजेरी

गेल्या पंधरवड्यात आमच्या वाडीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर वाद रंगला. राजापूरजवळच्या चिरेखाणीवर ट्रक भरताना माझ्या चुलतभावाच्या कमरेत उसण भरली आणि तो चार दिवस कामावर गेला नाही. 'हल्लीच्या पोरांना काम नको' इथपासून 'लगेच एमआरआय काढा' इथपर्यंत सगळे बोलले. त्याच्या बुडालेल्या मजुरीचा विषय कुणी काढला नाही.

मी हॅम्बुर्गला एका गोदामात आहे. मागच्या हिवाळ्यात खोका उचलताना माझीही कंबर धरली. वाकता येईना, बुटाची नाडी बायकोने बांधून दिली. जर्मन लोक याला 'हेक्सेनशुस' म्हणतात, म्हणजे चेटकिणीने मारलेला बाण. डॉक्टरांनी पाय सरळ उचलून पाहिला. मुंग्या येतात का, पायातला जोर गेलाय का, लघवीवर ताबा आहे का, ताप आहे का, एवढं विचारलं. सगळ्याला नाही म्हटल्यावर एक्स-रेसुद्धा काढला नाही. अंथरूण धरू नका, झेपेल तेवढं चालत राहा, बहुतेकांचं काही आठवड्यांत बरं होतं, म्हणाले. दहा दिवस घरी होतो आणि पगार पूर्ण आला. इथे आजारपणाचे सहा आठवडे मालकाने पूर्ण पगार द्यायचा, असा कायदाच आहे.

भावाला काकूने निर्गुडीच्या पाल्याचा शेक दिला, पायाळू शेजाऱ्याने कमरेला पाय लावला. माया भरपूर मिळाली. माझ्याकडे इथे कुणी साधी पेज घेऊन आलं नाही, हेही खरं. पण पाचव्या दिवशी तो पट्टा बांधून खाणीवर हजर. एक चिरा तीसेक किलोचा, पैसे नगावर. 'झेपेल तेवढं कर' हे त्याने कसं पाळायचं? खाणीवर हलकं काम नसतंच.

२०२० साली जगात सुमारे ६२ कोटी लोक कंबरदुखीने त्रस्त होते. एवढे सगळे आळशी? आपल्याकडेही १९४८ च्या कायद्याने सुरू झालेली कामगार राज्य विमा (ईएसआय) योजना आहे. आजारपणात ७० टक्के मजुरी, वर्षाला ९१ दिवसांपर्यंत. पण त्यासाठी नाव नोंदलेलं लागतं, आणि भावाचं नाव आहे फक्त मुकादमाच्या वहीत. ग्रुपवर भांडायचंच तर त्या वहीवरून भांडूया.

काल त्याला फोन केला. म्हणाला, "दादा, दुखतंय अजून. पण पावसात खाण बंद होईल, त्याआधी भरतील तेवढे ट्रक भरून घेतो."